चिलखत कशाचे?

महाडाहून दक्षिणेस निघालेला प्रवासी पोलादपुरास येतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा उघडतात. एक कशेडीचा घाट ओलांडून खेडाकडे उतरते. दुसरी आंबेनळी घाटाची वळणे चढत प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वरास जाते. या लहानशा गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या हयातीतच ज्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचले आणि अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग सविस्तर वर्णिला, ते हे परमानंद. याच तालुक्यात उमरठ आहे, आणि उमरठास तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे.

श्रोतेहो, प्रतापगड आणि सिंहगड ही नावे उच्चारली म्हणजे आपल्या मनात पराक्रमाची चित्रे उभी राहतात. आज मला त्या चित्रांतील एका दुर्लक्षित वस्तूकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. एका प्रसंगात अंगातील चिलखताने प्राण वाचविला, तर दुसऱ्यात हातातील ढाल तुटली. अशी ही चिलखते आणि ढाली कशाच्या करीत असत? लोखंडाच्या, असे उत्तर आपण चटकन देऊ. परंतु ते फार तर एकतृतीयांश बरोबर ठरेल. कवच कोणत्या द्रव्याचे करावे हे तीन गोष्टींवरून ठरते. घाव कोणता येणार, ते अंगावर वागवावयाचे कोणत्या मुलखात, आणि ते विकत घेण्याची ऐपत कोणाची. या तीन प्रश्नांच्या उजेडात आपण या वस्तूंकडे पाहू.

प्रथम प्रतापगड. तारीख १० नोव्हेंबर १६५९. सभासदाच्या बखरीत असे सांगितले आहे की, महाराजांनी भेटीस जाताना अंगात ‘जरीची कुडती’ घातली होती. खानाने मान बगलेत धरून कुशीत जमदाड चालविली, ती कुडतीवर खरखरत गेली आणि अंगाला इजा झाली नाही. येथे थोडे थांबावे. जरतारी कापडावर पोलादी पाते खरखरत नाही. ते कापड फाडून आत शिरते. खरखर होते ती लोखंडावर लोखंड घासल्याची. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे कवच. आपला ‘जिरेटोप’ हा शब्द त्याच घरचा. तेव्हा या ठिकाणी ‘जरी’ म्हणजे जिरह समजावी, हेच मला सयुक्तिक वाटते.

हे कड्यांचे कवच होते तरी कसे? ते विणलेले असे, मात्र सुताऐवजी तारेने. मऊ लोखंडाची सळई तापवून ठोकून बारीक करावयाची, मग पोलादी पट्टीला पाडलेल्या क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ती ओढून तार काढावयाची. ती तार एका गजाभोवती गुंडाळून छाटली की कडी मिळतात. प्रत्येक कड्याची दोन टोके चपटी करून एकावर एक आणावयाची, त्यांत बारीक छिद्र पाडावयाचे, आणि मोहरीएवढा खिळा बसवून तो दोन्हीकडून ठेचावयाचा. परंतु खिळा ठेचण्यापूर्वी ते कडे शेजारच्या चार कड्यांतून ओवून घ्यावयाचे. एका सदऱ्यास अशी वीस हजारांच्या वर कडी लागत. तयार कवचाचे वजन सुमारे १० किलो भरे. कारागिराचे किती महिने एका सदऱ्यात जात असतील याची कल्पना श्रोत्यांनी स्वतःच करावी.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोलाद हे लोखंडाहून कठीण, मग चिलखत पोलादाचे का करू नये? दक्षिण हिंदुस्थानात मातीच्या बंद मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाने घालून उत्तम पोलाद तयार करीत. अशा पोलादात कोळशाचे मूलद्रव्य सुमारे दीड टक्का असते. त्याच्या तलवारीची कीर्ती इराण-अरबस्तानापर्यंत गेली होती. परंतु जे पोलाद धार धरते ते तारेसाठी ओढू गेल्यास तुटते. कड्याला कठीणपणापेक्षा चिवटपणा अधिक हवा; घाव बसला असता ते किंचित वाकावे, पण उकलू नये. म्हणून तलवार पोलादाची आणि कडे मऊ लोखंडाचे, अशी वाटणी कारागिरांनी अनुभवाने केली. कठीण पोलाद पत्र्याच्या रूपाने मात्र कवचात येई. छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे कड्यांवर बांधीत. त्यांस ‘चार आईना’ म्हणजे चार आरसे म्हणत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचे पोलादी कवच ठेवलेले आहे; पत्र्याच्या कवचाची थोरवी आणि किंमत दोन्ही तेथे पाहावयास मिळतात.

लोखंडासाठी आपल्या मुलखास फार दूर जावे लागत नसे. पोलादपुराच्या माथ्यावर महाबळेश्वराचे पठार जांभ्या दगडाचे आहे, आणि जांभ्यात लोहाचा अंश भरपूर असतो. धावड नावाचे लोक या डोंगरांत भट्ट्या लावीत, लाकडी कोळशाच्या आचेवर दगडातून लोखंडाचा गोळा काढीत आणि तो ठोकून त्यातील कीट बाहेर घालवीत. पुढे इंग्रजी अमदानीत विलायती लोखंड स्वस्त झाले, जंगले राखीव झाली, कोळसा मिळेनासा झाला आणि हा धंदा बुडाला.

कड्यांची ही विद्या एकट्या हिंदुस्थानची नव्हे. जिचे सर्वांत अधिक संशोधन झाले आहे ती रोमन लोकांची सेना हीच वस्तू वापरी. त्यांनी ती केल्ट लोकांपासून उचलली असे मानतात. एका ओळीत ठेचून छापलेली अखंड कडी आणि दुसऱ्या ओळीत खिळ्याने जोडलेली कडी, ही मांडणी रोमन कवचांत आढळते, आणि हिंदुस्थानातील अनेक कवचांतही आढळते. दोन देशांच्या कारागिरांनी अर्धे काम वाचविण्याची एकच युक्ती योजिली होती.

रोमन लोकांनी आणखी एक प्रकार काढला. लोखंडाच्या रुंद पट्ट्या आतून कातडी वाद्यांनी जोडावयाच्या आणि पितळेच्या बिजागऱ्या व बकले लावून अंगावर आवळावयाच्या. रोम शहरात इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्रेजन बादशहाच्या स्तंभावर कोरलेले शिपाई याच पोशाखात दिसतात, आणि चित्रांतून आपणांस परिचित झालेला रोमन शिपाईही हाच. तिसरा प्रकार खवल्यांचा. काशाचे किंवा लोखंडाचे लहान लहान तुकडे माशाच्या खवल्यांप्रमाणे कापडावर वा कातड्यावर शिवीत. ढाल मात्र धातूची नसे. पातळ लाकडी पट्ट्यांचे थर आडवेउभे चिकटवून वर कातडे मढवीत. सिरियातील दूरा-युरोपोस येथे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील अशी एक ढाल सापडली आहे. म्हणजे ज्याला आपण लोखंडी सेना समजतो, तिचा संसार लोखंड, पितळ, कासे, कातडे, लाकूड, सरस आणि कापड अशा सात द्रव्यांवर चालला होता.

या सर्वांत टिकले कोण? दिसण्यात पट्ट्यांचे कवच भव्य. परंतु त्याच्या बिजागऱ्या तुटत, वाद्या कुजत. इंग्लंडातील कॉरब्रिज येथे १९६४ साली उत्खननात एक पेटी सापडली. तिच्यातील अशा कवचांवर दुरुस्तीच्या खुणा जागोजाग आहेत. तिसऱ्या शतकानंतर हा प्रकार मागे पडला, आणि कड्यांचे कवच त्याच्या आधीही होते व नंतरही शेकडो वर्षे राहिले. कारण सोपे आहे. कडे तुटले तर दुसरे कडे घालता येते. त्यास मोठा कारखाना लागत नाही, छावणीतला लोहारही पुरतो.

येथे कोणी विचारील की रोमचा आणि सावित्रीच्या खोऱ्याचा संबंध काय? संबंध अगदीच नाही असे नव्हे. महाडाजवळ गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. ज्या शतकांत ती कोरली गेली, त्याच शतकांत कोकणच्या बंदरांतून रोमन साम्राज्याशी व्यापार चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात, पश्चिम हिंदुस्थानातील आरियके नावाच्या प्रदेशातून लोखंड आणि पोलाद तांबड्या समुद्रावरील आफ्रिकी बंदरांस जात असल्याची नोंद आहे. दुसऱ्या शतकातील रोमन जकातीच्या यादीत ‘हिंदी लोखंड’ हा जिन्नस स्वतंत्र नोंदलेला आहे. यावरून रोमन शिपायांची कवचे आपल्या लोखंडाची होती असे मात्र कोणी समजू नये. त्यांचे नित्याचे लोखंड त्यांच्याच प्रांतांतून येई. परंतु ज्या जिनसावर परमुलखात जकात बसते, त्याला तेथे मोल असले पाहिजे हे उघड आहे.

आता लोखंडाखालच्या द्रव्याकडे वळू. कड्यांचे कवच तलवारीचे पाते आत येऊ देत नाही हे खरे. पण पात्याचा भार ते अडवू शकत नाही. कडी अंगाबरोबर लवतात, म्हणून घाव कापणार नाही, परंतु हाड मोडील. तो भार सोसण्यासाठी खाली कापसाचा जाड, टाके घातलेला अंगरखा हवाच. रोमन शिपायासही असा अंगरखा लागे. हिंदुस्थानात तर कापसाने आपले स्वतंत्र राज्य स्थापले. कापडाचे थरावर थर शिवून केलेल्या अंगरख्यास ‘चिलता’ म्हणत. फारसीत ‘चिहल’ म्हणजे चाळीस, तेव्हा चिलता म्हणजे चाळीस पदरांचा. आणि आपला ‘चिलखत’ हा शब्दही त्याच कुळातला दिसतो. ज्या शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे लखलखीत लोखंड उभे राहते, त्याच्या पोटात मुळात कापूस भरलेला असावा, ही मौज आहे. अशाच अंगरख्यावर मखमल लावून पितळी फुलांचे शेकडो खिळे ठोकीत, त्यास हजारमेखी म्हणत.

कापसाचे गुण पाहा. तो हलका, स्वस्त, घरी शिवता येण्याजोगा. उन्हात लोखंडासारखा तापत नाही. पात्याच्या धारेखाली एकामागून एक पदर येतात आणि धार बोथट होत जाते. दोष एकच. तो पाणी पितो. आणि या दोषाला देशावर जेवढे महत्त्व नाही तेवढे कोकणात आहे. महाड-पोलादपुराकडे पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने ज्या हवेत भिंतीला ओल येते आणि पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते, त्या हवेत कापसाचा अंगरखा एकदा भिजला की दुप्पट जड होतो आणि वाळण्याचे नाव घेत नाही.

लोखंडाची गत याहून वाईट. कड्यांच्या कवचात वीस हजार सांधे, आणि प्रत्येक सांध्यात पाण्याचा थेंब अडकून राहण्यास जागा. पत्रा पुसता येतो. कडी कितीही पुसली तरी पोटात ओल राहतेच. लोखंडास पितळ लागून असेल आणि दोन्ही ओली झाली, तर लोखंडाचा गंज अधिकच वेगाने वाढतो. खारी हवा त्यात भर घालते. त्यामुळे चिलखत बाळगणे म्हणजे ते विकत घेणे एवढेच नव्हे, तर त्याला तेल लावणारा, घासणारा, तुटकी कडी बदलणारा माणूस पदरी बाळगणे होय. आपल्याकडे जुन्या तलवारी आणि कट्यारी पुष्कळ घराण्यांत सापडतात, पण अस्सल चिलखत क्वचित दृष्टीस पडते, याचे एक कारण या गंजात आहे.

यावरून आपण तिसऱ्या प्रश्नापाशी येतो : ऐपत कोणाची? याविषयी रोमचा इतिहासकार पॉलिबिअस याने फार बोलकी नोंद करून ठेविली आहे. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. तो सांगतो की ज्या शिपायाची मालमत्ता दहा हजार द्राख्मांच्या वर असेल तो कड्यांचे कवच घाली. इतर शिपाई वीतभर लांबीरुंदीचा काशाचा पत्रा छातीवर बांधीत. एकाच रांगेत, एकाच शत्रूसमोर उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे अवघे धड लोखंडात आणि दुसऱ्याचे फक्त काळीज काशाखाली! शत्रूचा भाला मालमत्ता विचारून येत नाही. परंतु संरक्षण मात्र मालमत्ता विचारूनच मिळत होते.

आपल्या मावळ्याची स्थितीही निराळी नव्हती. चिलखत, जिरेटोप, हाताचे दस्ताने ही सरदारांची आणि बारगिरांतल्या भाग्यवंतांची लेणी. पायउतारा मावळ्याच्या वाट्यास ढाल-तलवार आली तरी पुष्कळ. यात गरिबीचा भाग आहे तसा मुलखाचाही आहे. घोडेस्वाराच्या अंगावरील १० किलोंचा भार बहुतांशी घोड्याच्या पायांवर पडतो. कडा चढणाऱ्याच्या अंगावरील भार त्याच्याच बोटांवर पडतो. शिवाय कडी हलली की वाजतात. रात्रीच्या छाप्यात एवढ्यानेही घात होईल. म्हणून सह्याद्रीच्या शिपायाचे खरे चिलखत एकच, आणि ते म्हणजे त्याची ढाल.

ढालीचे मुख्य द्रव्य कातडे. म्हशीचे वा रेड्याचे कातडे सर्वत्र मिळे. श्रीमंतांची ढाल गेंड्याची असे. गेंडा आपल्या प्रांतात होत नाही, तेव्हा त्याचे कातडे दूरवरून यावयाचे आणि त्याचे मोलही तसेच असावयाचे. कातडे भिजवून साच्यावर ताणीत, वाळवून कठीण करीत, आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर लाखेचे किंवा रोगणाचे थर चढवीत. ढालीवर जी चार फुले दिसतात ती केवळ शोभेची नव्हेत. आतील मुठीची कडी ज्या खिळ्यांनी पक्की केलेली असतात, त्यांची तोंडे त्या फुलांखाली झाकली जातात. मुठीखाली बोटांच्या सांध्यांना मार लागू नये म्हणून लहानशी गादी असते. कातड्याचा गुण असा की ते धातूसारखे हटून बसत नाही. ते पात्याला किंचित आत घेते आणि मग धरून ठेवते. परंतु तेही अमर नाही. एकाच जागी घाव बसत राहिले, खिळे ढिले झाले, की ढाल हातातून जाते.

आता सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. निवडक मावळ्यांनिशी तानाजी कडा चढून वर गेले आणि उदेभानाशी त्यांची गाठ पडली. सभासद सांगतो की, झुंजता झुंजता तानाजींच्या डाव्या हातातील ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि घाव त्या हातावर झेलले. दोघेही पडले, गड आला. तानाजींचा देह मढे घाटाने खाली उतरवून उमरठास नेला असे परंपरा सांगते.

आपण या प्रसंगातील शौर्य गातो, आणि ते गावयाचेच आहे. परंतु बखरकाराने सहज सांगून टाकलेली दुसऱ्या ढालीची गोष्ट मला फार वेळ सोडीत नाही. प्रतापगडावर संकट आधी दिसत होते, विचारास वेळ होता, आणि अंगात उत्तम कवच घालता आले. तेथे पराक्रमाला द्रव्याची जोड मिळाली. सिंहगडावर द्रव्य संपले आणि त्याची जागा माणसाच्या मांसाने घेतली.

ही जुनी गोष्ट म्हणून बाजूस सारता येत नाही. आज तलवारीच्या जागी बंदुकीची गोळी आली, तिच्यापुढे कड्यांचे कवच चालेना, आणि कवच पुन्हा कापडाकडे वळले. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन विदुषीने केव्हलार या धाग्याचे मूळ शोधून काढले. त्याच्या कापडाचे अनेक पदर एकावर एक ठेवून आजचे गोळीरोधक जाकीट तयार होते. रायफलीची गोळी अडवावयाची असेल तर पुढे चिनी मातीच्या जातीच्या अतिकठीण द्रव्याची पाटी घालतात. ती गोळीचे टोक फोडते आणि मागचे पदर तिचा भार शोषतात. पुढे कठीण आणि मागे मऊ : चार आईना आणि चिलता यांचीच ही नवी जोडी होय. द्रव्ये बदलली, न्याय तोच राहिला.

दुर्दैवाने तिसरा प्रश्नही तोच राहिला आहे. प्रतापगडाच्या पलीकडे, साताऱ्याच्या जावळी तालुक्यात केडंबे म्हणून गाव आहे. तेथले तुकाराम ओंबळे मुंबईच्या पोलीस दलात सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ एक लाठी असताना त्यांनी दहशतवाद्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गोळ्या त्यांनी आपल्या देहावर घेतल्या. त्यांच्या सहकाऱ्यांचे प्राण वाचले आणि आरोपी जिवंत हाती लागला. २००९ साली त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. उमरठापासून केडंब्यापर्यंत मध्ये डोंगराची एक रांग आणि सव्वातीनशेहून अधिक वर्षे आहेत. परंतु दुसरी ढाल वेळेवर आली नाही, एवढे वाक्य दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

म्हणून चिलखत कशाचे करावे, या प्रश्नाचे उत्तर देताना लोखंड, कापूस, कातडे यांची नावे घेऊन आपण थांबू नये. उत्तम द्रव्य ते, जे त्या मुलखाच्या वाटेवर वागविता येते, त्या हवेत टिकते, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हाती गरजेपूर्वी पोहोचते. पहिल्या दोन गोष्टी कारागीर पाहतो. तिसरी पाहण्याचे काम त्या कारागिराचे नव्हे. ज्यांच्या रक्षणासाठी तो शिपाई उभा असतो, त्या तुम्हां-आम्हां सर्वांचे ते आहे. पोलादपुराच्या वळणावर कवींद्रांच्या समाधीपाशी किंवा उमरठच्या स्मारकापुढे कधी हात जोडाल, तेव्हा त्या तुटलेल्या ढालीचीही आठवण ठेवावी, एवढीच विनंती.